वगळलेली ओळ

सोमवार, ४ मे

अर्शी, अर्शी, अर्शी! आज ऑफिसात दुसरं नावच नाही.

आमच्या डेअरीची, दूध थंड ठेवणारी सोळा चिलिंग सेंटरं. प्रत्येक टाकीचं यंत्र दर पाच सेकंदांनी आमच्याकडे एक ओळ पाठवतं — ‘ओके’, ‘ओके’, ‘लिड ओपन’ म्हणजे झाकण उघडलं, पुन्हा ‘ओके’. रोज लाखो ओळी. त्यातून बिघाडाची एखादी शोधायची. नऊ वर्षं मी शोधतोय, डोळे फोडून. कोडोलीची ही मुलगी आठ महिन्यांपूर्वी आली आणि आज तिनं फिल्टर लावला — ‘ओके’ वगळा, ‘लिड’ वगळा. दोन लाख ओळींच्या उरल्या एकतीस!

उदयसिंह साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “प्रसेनजीत, तुला हे नऊ वर्षांत सुचलं न्हाय व्हय रे?”

सगळे हसले. मीही हसलो. दात दुखेपर्यंत.

मंगळवार, ५ मे

साहेब तिला विभागप्रमुख करणार म्हणे. ती खुर्ची माझी होती!

वर मलाच येऊन विचारते, “सर, फिल्टरमध्ये काय चुकतंय का बघाल? तुमच्याइतकं कुणाला कळत न्हाय यातलं.” गोड बोलते. वेळ नाही म्हटलं.

बुधवार, ६ मे

सापडली! चूक सापडली!

सकाळपासून तिचा फिल्टर काढून एकेक ओळ बघत होतो. अकरा चाळीसला मलकापूरची ओळ दिसली — ‘लिड ओपन, कूलिंग ऑफ’. म्हणजे दूध थंड करणंच बंद. तिथलं यंत्र नवं, झाकण आणि कूलिंग दोन्ही दरवेळी एकाच ओळीत लिहितं. ओळीत ‘लिड’ आहे, म्हणजे अर्शीच्या स्क्रीनवर ती येणारच नाही!

मलकापूरची टाकी सांभाळणाऱ्या दादासोला एक फोन केला असता तर काम झालं असतं. फोन हातात घेतलाही होता. मग वाटलं — थांब. बाईंचं पितळ जरा उघडं पडू दे. अर्ध्या तासानं करू.

जेवायला गेलो तर साहेब तिच्याच टेबलावर. हसतायत, तिच्या डब्यातलं लोणचं घेतायत. माझ्याशी कधी बसले नाहीत असे. ताट पुढं सारून उठलो.

फोन केला नाही.

तीन वाजता दादासोचाच आला. “सायेब, फाटलं की वो दूध! तीन हजार लिटर! झाकण मी लावलतं, आईशप्पत लावलतं!” रडत होता. पन्नाशीचा माणूस.

गुरुवार, ७ मे

दादासोला घरी बसवलं. झाकण उघडं टाकलं म्हणून.

अर्शी सगळ्यांसमोर उभी राहिली. “चूक माझ्या फिल्टरची हाय, त्यांची न्हाय. कूलिंग बंद पडल्याची ओळ त्यानंच लपवली.” साहेब भडकले. म्हणाले, “ती ओळ काल कुणी उघडून बघितलती काय? यादी काढ.”

कोण कधी काय शोधतं, त्याचीही नोंद राहते! हे कसं विसरलो मी? यादी तिच्याच हातात.

शुक्रवार, ८ मे

यादी आली. माझं नाव नाही!!

साहेब म्हणाले, “प्रमुख तूच हो आता. पोरीला अजून लई शिकायचं हाय.” हवं ते मिळालं. आणि ती? मान खाली घालून फिल्टर दुरुस्त करतेय. रडली नाही, कुणाला काही बोलली नाही. जमतं कसं तिला? ह्याचाही जळफळाट होतो माझा!

शनिवार, ९ मे

अर्शी टेबलाजवळ आली. “अकरा चाळीसला तुम्ही बघितलंतं, सर. यादी काढताना तुमचं नाव मी वगळलं. वाटलं, तुम्ही आपणहून सांगाल.”

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. “दादासोला परत घ्या,” म्हटलं. त्यांनी ‘का?’ म्हणून विचारलं. सांगितलं.