मनात दहा म्हणा

तीर्थस्वरूप भावोजी,

नमस्कार. तो वाकूनच केला आहे असं समजा, कारण बालवर्गाच्या बुटक्या खुर्चीत दिवसभर बसल्यावर माणूस लगेच सरळ होत नाही. तुमची तब्येत बरी असेलच. (घशाच्या डॉक्टरला तब्येत विचारायला जरा संकोच वाटतो.) ताईचे गुडघे कसे आहेत? तिला हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल, ताजा कलम तेवढा गाळा.

तर, बालवर्गाला गणित शिकवणाऱ्या आम्हा सगळ्या जुन्या शिक्षिकांना पुन्हा प्रशिक्षण लावलं आहे. आमचं गणित म्हणजे बटणं, ठोकळे आणि 'कुठं जास्त, कुठं कमी', त्यात नवं काय असणार, अशा तोऱ्यात मी गेले. प्रशिक्षिका वयानं माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढी. (असेलही, मी विचारलं नाही.) तिनं माझा तास पाहिला आणि शांतपणे म्हणाली की प्रश्न तुम्ही विचारता, उत्तरही तुम्हीच देता, मुलं नुसती हजर असतात. यापुढे प्रश्न विचारला की मनात दहा म्हणा, तोवर तोंड उघडायचं नाही. हे जमलं नाही तर बालवर्ग दुसऱ्या बाईंकडे जाणार आणि मी कचेरीत फोन उचलायला. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, बरंच झालं, तिथं बोलायचाच पगार आहे. मला मात्र रडू आलं. ती पिल्लं सोडून मी कुठं जाऊ?

पुढच्या तासाला मी प्रश्न विचारला आणि दहा म्हणायला लागले. फक्त मनात म्हणायचं राहून गेलं. (तुमच्या लग्नातच तुम्ही माझं नाव 'कर्णा' ठेवलंत, ते उगाच नाही.) मी 'एक' म्हटल्याबरोबर अख्खा वर्ग सुरात 'दोन' म्हणाला, दहापर्यंत पोचून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि प्रश्न काय होता ते मीही विसरले. प्रशिक्षिका बराच वेळ काहीतरी लिहीत होती.

आता एकच संधी उरली. आदल्या संध्याकाळी आमच्या ह्यांना समोर बसवलं, त्यांच्याच शर्टाची बटणं मांडली आणि गप्प बसण्याचा सराव केला. तो मी मोठ्यानं केला असावा, कारण सकाळी आवाज पार बसलेला. तशीच वर्गावर गेले. बटणांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या, त्यातली एक हातानं लांबवली आणि खिडकीजवळच्या मुलीला 'कुठं जास्त?' असं खुणेनं विचारलं. ही मुलगी वर्गात कधीच बोललेली नव्हती. आम्ही सगळ्यांनी तिला कच्ची ठरवून टाकलं होतं. ती नुसती बघत राहिली. एरवी मी एव्हाना 'सारखीच ना गं?' म्हणून मोकळी झाले असते. खूप वेळानं ती म्हणाली, "बाई, सारखीच आहेत. ही नुसती ऐसपैस बसलीत, आमच्या आजोबांसारखी."

माझे डोळे भरून आले. प्रशिक्षिकेचेही. वाट कशी पाहावी ते या बाईंकडून शिका, असं तिनं प्रशिक्षणात सगळ्यांदेखत सांगितलं. सोमवारी सर्व शिक्षिकांसमोर हाच पाठ करून दाखवला की माझा बालवर्ग कायम. आवाज नव्हता हे सांगायलाही मला आवाज नव्हता.

कळावे.
तुमची धाकटी मेहुणी (कर्णा)

ता. क. आवाज परत आला आहे, पूर्वीपेक्षा खणखणीत. भावोजी, जन्मभर तुम्ही लोकांचे बसलेले आवाज उठवलेत. उठलेला आवाज एका सोमवारपुरता बसवायचं काही औषध असतं का?

आणखी एक. पत्र टाकायचं राहिलं आणि आज असं झालं. त्याच मुलीला काही विचारलं आणि मनात (खरोखर मनात) दहा म्हणत थांबले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमचा घसा अजून बरा नाही का?" मी मानेनंच 'नाही' म्हटलं. तशी ती मायेनं जवळ सरकली आणि मला सगळं सावकाश समजावून सांगायला लागली. तेव्हा ते औषध राहू द्या.

शेवटचं. आवाज टिकवायचं औषध मात्र नक्की पाठवा. सोमवारी पाठानंतर 'शिक्षिकेने कमी कसे बोलावे' यावर मला तासभर बोलायचं आहे.