बासष्ट झाडांचं पाणी

९ फेब्रुवारी, सकाळी ७
लमदुआन रायोंगला गेली. तिची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. पाच-सहा आठवडे तरी ही परतत नाही. ड्युरियनची बासष्ट झाडं प्रथमच माझ्या एकट्याच्या हातात. फणसासारखी काटेरी फळं, सध्या अंड्याएवढी झालीत. जाताना म्हणाली, अहो, अडलं तर थाविनला विचारा. थाविन म्हणजे तिचा भाऊ, शेजारचा बागवाला. पान चुरगाळून पाणी ठरवतो! मी अठ्ठावीस वर्षं पाण्याच्या खात्यात होतो. (आवक-जावक टेबलावर. पण खातं पाण्याचंच.)

१० फेब्रुवारी
हिशेब सोपा आहे, खात्याच्या ट्रेनिंगमध्ये शिकलेला. उघड्यावर पसरट पात्र ठेवायचं. दिवसात उन्हाने पाणी किती मिलिमीटर उतरलं, गुणिले पिकाचा गुणांक, गुणिले झाडाच्या घेराचं क्षेत्रफळ. उत्तर लिटरमध्ये. गुणांक ०.६, घेर २८ चौरस मीटर. संकल्प: रोज सातला मोजणे.

१४ फेब्रुवारी, सकाळी ९.२०
सातला जाग आली नाही. पाणी ११ मिलिमीटर उतरलं! रोज एवढंच उतरतंय. म्हणजे झाडामागे १८५ लिटर. थाविन याच्या निम्मंही देत नाही. कुंपणावरून ओरडला, दाजी, बागेत भात लावलाय का? मी गुणांक समजावला. म्हणाला, एवढं पाजाल तर पालवी फुटेल, आणि पालवी फुटली की फळ गळतं. ऐकून घेतलं. बिचारा ट्रेनिंगला आला नव्हता.

२३ फेब्रुवारी
पालवी फुटली! बाग काय दिसते! लमदुआनला फोटो पाठवला. तिने विचारलं, फळं कुठायत? लिहिलं, पानांआड.

२६ फेब्रुवारी
थोडी गळ. सहा टोपल्या. कमजोर फळं झाड स्वतःच टाकतं, असं कुठेतरी वाचलंय. तळं अर्ध्यावर आलं. ऊन फार आहे.

२ मार्च, दुपारी २
डासांमुळे आज डुलकी लागली नाही. व्हरांड्यात आलो तर थाविनची तिन्ही कुत्री पात्रात तोंडं घालून लपालप पाणी पितायत. निवांत. रोजची असावीत.

३ मार्च
पात्रावर जाळी टाकली. उतरलं ५ मिलिमीटर. म्हणजे तीन आठवडे मी कुत्र्यांची तहान झाडांना पाजली. सूत्र मात्र अचूक होतं, हे नमूद करून ठेवतो. थाविनला सांगण्याची गरज नाही.

६ मार्च
लमदुआनचा फोन. सासूबाई शेजारी ऐकत होत्या. ही झाडं त्यांनीच लावलेली. पडल्यापासून गोळ्या घ्यायला कुरकुरतात, पण बागेची चौकशी रोज. मी म्हणालो, बाग झकास आहे, आईंना सांग, निवांत औषधं घ्या. फोन ठेवून आणखी चार टोपल्या गळलेली फळं खड्ड्यात पुरली.

१२ मार्च
उरलेल्या फळांना आता खरी तहान. गुणांक ०.८५ लागतो. तळ्यात चिखल. थाविनने न विचारता कुंपणावरून आपला पाइप टाकला. म्हणाला, दाजी, तुमच्यासाठी नाही हो, आईच्या झाडांसाठी. आभार मानायचे राहिले. उद्या नक्की.

१३ मार्च
राहिले.

१८ मार्च
लमदुआन न कळवता पहाटेच्या बसने आली. पिशवी न ठेवताच बागेत शिरली. मी वही घेऊन मागे. सगळं सांगितलं, कुत्र्यांसकट. तिने वही हातात घेतली नाही. एकेक झाड बघत बासष्टही फिरली. जिथे चाळीस-पन्नास फळं असायची तिथे सात. कुठे चार. शेवटच्या झाडाशी तिचा फोन वाजला. रायोंगहून आई. लमदुआन खोडाला टेकली आणि म्हणाली, हो ग आई, पोचले. बाग झकास आहे. तू निवांत औषधं घे.

माझंच वाक्य. मी किती सहज बोललो होतो! तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

फोन ठेवून गळलेली फळं वेचायला वाकली. मला म्हणाली, टोपली घ्या. घेतली.