झुंबरबाईची टोपली

२ जानेवारी १९६४

झाला एकदाचा ठराव! माझा नियम नगरपालिकेच्या सभेत पास झाला. निरीक्षक म्हणून दिवाळीपासून डोक्याला ताप होता. गावाबाहेर खतखड्डे खणले, सालभराच्या खताचा लिलाव भगवानरावांनी घेतला, अन् खड्डे अर्धे रिकामे! भगवानराव रोज दारात — "वामनराव, माल मी घेतला, अन् उचलून दुसरेच नेऊन राह्यले." खरंच होतं. नाल्याकाठच्या भाजीवाल्या मागच्या दारांनी फिरून राख, शेण, सालटं आपापल्या वाफ्यांत नेतात.

आता गावातला कचरा नगरपालिकेचा. कुंडीत टाकील त्याला घरपट्टीत सूट. परस्पर नेईल त्याला पाच रुपये दंड, अन् वर्षभर आठवडी बाजारात बसायचं नाही. देणाऱ्या घरालाही दंड. मात्र घराचं नाव सांगितलं तर नेणाऱ्याला माफी. हे माफीचं कलम माझं, माझ्या डोक्यातून निघालेलं! अध्यक्ष म्हणाले, "तुमी तं वकील व्हायले पायजे होते."

५ जानेवारी

दवंडी पिटली. अन्नपूर्णा भाकरी थापता थापता म्हणाली, "सालटाची बी चोरी होते काय?" बायकांना कायदा काय सांगावा! मी हसलो.

१७ जानेवारी

नागपूरच्या बैठकीहून आलो. नियम वाचून दाखवला, टाळ्या पडल्या. अन्नपूर्णेसाठी खाऊ आणला. म्हणते, "एवढं काऊन आणलं? दोघंच तं आहोत."

१९ जानेवारी

पहिली केस. सकाळच्या फेरीत मारुतीच्या पाराजवळ झुंबरबाई सापडली, डोक्यावर टोपली. साठीची बाई, नाल्याकाठी अर्धा एकर, तीच पिकवते, तीच विकते. गावभर तिच्या वांग्यांचं नाव.

टोपली उतरवली. राख, मेथीच्या काड्या, वर संत्र्याच्या साली — ताज्या. खात्यापित्या घरच्या! मनात पंजाबराव वकिलांचं घर धरलं.

"कोणाच्या घरचं? नाव सांग अन् मोकळी हो."

"आठ सालं झाले साहेब, ते बाई माह्यासाठी येगळं काढून ठेवते. तिचं नाव म्या काऊन घेऊ?"

"मग बाजारातली जागा जाईल."

माझ्याकडे पाहिलं तिनं. मग म्हणाली, "जाऊ द्या."

मला राग आला. चार माणसांसमोर मला उलट बोलते! पावती फाडली. टोपलीही जप्त केली — ते नियमात नव्हतं. उगीच केली.

२० जानेवारी

अन्नपूर्णा जेवली नाही. डोकं दुखते म्हणे.

३० जानेवारी

खड्डे तसेच! झुंबरबाईचं पाहून बाकीच्या भाजीवाल्यांनीही मागच्या दारांनी फिरणं सोडलं. अन् लोक काय कुंडीपर्यंत जातात थोडेच — टाकतात घरामागच्या बोळात. तीन बोळ तुंबले. घरपट्टीची सूट मागायला आतापर्यंत दोन जण आले, दोघंही कुंडीशेजारी राहणारे.

ह्या बायका इतकी वर्षं फुकटात अर्धं गाव झाडत होत्या, अन् माझ्या हिशेबात ते कुठंच नव्हतं. कसला मी निरीक्षक!

आज भगवानराव आमच्या जमादारावर ओरडले, "शेण गेलं कुठं बे?" जमादार माझ्याकडे पाहत राहिला.

१० फेब्रुवारी

राहवलं नाही. झुंबरबाईच्या मळ्यात गेलो. पालकाला फुलं आली होती, मेथी पिवळी पडली होती. बाजारात बसता येत नाही, अन् पाट्या डोक्यावर घेऊन नांदुऱ्याच्या बाजारापर्यंत जायचं तिचं वय नाही. जमीन शेजाऱ्याला बटाईनं दिली म्हणाली. दुसरबीडला लेकीकडे चालली.

"लेकीच्या घरी किती दिवस राहशील?" मी विचारलं.

"पाहू. कोपऱ्यात पडून राहीन."

सांगायला लाज वाटते, पण लिहितो. तेव्हाही मी म्हणालो, "अजून नाव सांगितलं तर जागा परत मिळवून देतो." तेव्हाही! माणसाची जीभ झडत कशी नाही?

तिनं वांगी तोडली, माझ्या धोतराच्या ओच्यात टाकली. "घेऊन जा साहेब, शेवटचेच हायेत." पैसे घेतले नाहीत.

११ फेब्रुवारी

अन्नपूर्णेनं वांगी चिरली नाहीत. सुपात तशीच पडलीत. विचारलं तर पदर डोळ्याला लावून आत गेली.

१५ फेब्रुवारी

सभेत उभा राहिलो. म्हटलं, दंडाचं कलम काढा, भाजीवाल्यांना पूर्वीसारखं नेऊ द्या, भगवानरावांना लिलावात सूट द्या. चुकलं माझं. अध्यक्ष हसले — "दोन महिने नाही झाले, वामनराव! नियम म्हणजे काय पोरखेळ आहे?" विषय पुढच्या सभेवर.

परत येताना स्टँडवरून आलो. झुंबरबाई सकाळच्याच मोटारीनं गेली होती. मी टोपली सोबत नेली होती, द्यायला.

१६ फेब्रुवारी

टोपली घरात पाहिली अन् अन्नपूर्णा बोलली. ती संत्री मी नागपूरहून आणलेली. आठ वर्षं, मी फेरीला निघालो की आमच्याच मागच्या दारातून टोपली भरून जायची. दंड झाला त्या दिवशी ही सगळं सांगून टाकायला निघाली होती, तर झुंबरबाईनं हात धरला — "उगी राय माय. साहेबाची लोकायत शोभा होईल."

दंडाच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे — 'घराचे नाव सांगण्यास नकार.'