चोरी शिकवणारं पुस्तक

१० जून २००३, मंगळवार
डोकं तापलंय. नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात संगणकाच्या सुरक्षेवरचं एक पुस्तक निघालं. वर नाव सुरक्षेचं आणि पहिलंच प्रकरण, दुसऱ्याचा पासवर्ड कसा ओळखतात. म्हणजे सरळ चोरीचा क्लास. बावीस वर्षं या वाचनालयाचा ग्रंथपाल आहे, असला माल सभासदांच्या हाती पडू देणार नाही. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. आजच कमिटीला कडक पत्र लिहायचं.
पत्र झालं नाही. शिपाई केरबानं चहा उशिरा आणला, मूड गेला.

१२ जून, गुरुवार
संयोगिता देसाई आली. मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. मूळची गारगोटीची, मामाकडं राहून इथं शिकली. तेच पुस्तक मागितलं. नव्या पुस्तकांची यादी बोर्डावर मीच लावली होती. (चूक केरबाची. यादी लावायची आठवण त्यानं केली.)
मी विचारलं, हॅकिंग शिकायचंय का. म्हणाली, "सर, चोर कुठनं येतो ते कळल्याबिगर कडी कुठं लावायची?" मी म्हणालो, मग चोरालाही तेच कळणार. तर म्हणाली, "चोराला आधीच ठावं हाय की. ठावं न्हाय ते आपल्यालाच."
उलट उत्तरं. जाता जाता मॉनिटरकडं बोट करून म्हणाली, ती चिठ्ठी तेवढी काढा. पासवर्डची चिठ्ठी मी स्वतः चिकटवलीय, मोठ्या अक्षरांत, केरबालाही दिसावी म्हणून. दोन मिनिटांत तिनं आमचा पासवर्ड वाचला. हॅकर म्हणतात तो हाच.

१४ जून, शनिवार, सकाळी ७
निश्चय : पुस्तक स्वतः वाचायचं. आवड म्हणून नाही, पुरावा म्हणून. लाल पेन घेतलंय.
दुपारी १
प्रकरण तीन. चोर खोटी मेल कशी पाठवतात त्याचा आख्खा नमुना दिलाय : 'तुमच्या संगणकाला धोका आहे, सोबतची फाइल ताबडतोब चालवा.' तयार मसुदाच दिला की चोरांना. लाल रेघ, दोनदा.
प्रकरण नऊ. सगळ्या माहितीची नक्कल काढून दुसरीकडं ठेवा म्हणतो. नक्कल म्हणजे कॉपी. परीक्षेत कॉपी करणाऱ्याला बाहेर काढतात, इथं शिकवतायत. लाल रेघ.
प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'उपाय' म्हणून दोन-दोन पानं आहेत. वाचली नाहीत. दिखाव्याला घातली असणार.

१९ जून, गुरुवार
कमिटीची बैठक. मी वीस मिनिटं बोललो. अध्यक्ष बाळासो इंगवले ऐकता ऐकता अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मग म्हणाले, "गणपतराव, आपल्याकडं कुस्तीच्या डावांचं पुस्तक हाय. ते वाचून कोण रस्त्यात माणसं पाडत सुटलंय?"
सगळे हसले. मी संतापून म्हणालो, डावांच्या पुस्तकात डावाची तोडही असते. बाळासो म्हणाले, "मग ह्यात तोड न्हाय?"
तपासून सांगतो म्हणालो.
ठराव : पुस्तक सभासदांना द्यावं. अडाणी कमिटी. ड्रॉवरची किल्ली घरी राहिली असं सांगायचं ठरवलंय. निदान महिनाभर.

२३ जून, सोमवार, सकाळी १०
जगात अजून जबाबदार माणसं आहेत. इंग्रजी मेल आली : तुमच्या संगणकाला धोका आहे, संरक्षणाचं सॉफ्टवेअर सोबत मोफत जोडलंय. याला म्हणतात सुरक्षा. लगेच चालवलं. केरबाला बोलावून दाखवलं.
११.३०
पडदा निळा. बंद करून चालू केला.
१२.००
संगणकातली यादी नाही. अठरा हजार चारशे सहा पुस्तकं, दोन वर्षं एका बोटानं टाईप केलेली. काहीच नाही. केरबा म्हणतो, वायर हलली असंल.
१२.१०
काम कुणाचं ते मला माहीत आहे. संयोगिता देसाईविरुद्ध पोलिसांसाठी अर्ज लिहिला. या वेळी पत्र पूर्ण झालं. दोन पानी.

२४ जून, मंगळवार
अर्ज बाळासोंना दाखवला. त्यांनी पोलिसांऐवजी तिलाच बोलावलं आणि अर्ज तिच्या हातात दिला. तिनं उभ्या उभ्या दोन्ही पानं वाचली, घडी घालून मला परत दिली. म्हणाली, "आधी मशीन बघू या."
रागावली नाही. मला सगळ्यात जास्त चीड त्याची आली.
तिनं विचारलं, काल काय चालवलं होतं. मी म्हणालो, काही नाही. केरबा म्हणाला, "आसं कसं साहेब, फाइल चालवली की तुमी. मला म्हणालासा, आता आपन सेफ."
तिनं बॅकअप विचारला. मी म्हणालो, आम्ही कॉपी करत नाही. या वेळी कुणी हसलं नाही. बाळासो खिडकीतनं बाहेर बघत बसले.
मग तिनं ते पुस्तक मागितलं. किल्ली घरी आहे म्हणेपर्यंत हात खिशात गेला होता. तिनं प्रकरण तीन काढलं. माझ्या दोन लाल रेघा बघितल्या. माझ्याकडं बघितलं. पुस्तक मिटलं आणि बाळासोंना एवढंच म्हणाली, "व्हायरस होता. कुनाकडनं बी होतंय."

२७ जून, शुक्रवार
यादी पुन्हा करायची. पुस्तकांचं दाखल रजिस्टर कागदावर आहे, तेवढं बचावलं. मी रागानं सकाळी सातलाच आलो. ती माझ्या आधी दारात उभी होती. शाळा अकराला, म्हणाली, तोवर मी टाईप करते, तुम्ही वाचून दाखवा.
'उपाय'ची पानं काल वाचली. तोड होती.
ते पुस्तक तिच्या नावावर इश्यू केलं. तिनं मागितलं नव्हतं.
न राहवून विचारलं, त्या अर्जानंतरही का आलीस. टाईप करता करताच म्हणाली, "सातवीत व्हते. रेडिओ दुरुस्तीचं पुस्तक मागिटलं. बाकीचे म्हणाले, पोरगी घरातला रेडिओ खोलून ठेवंल. तुमीच म्हणालासा, न्हेऊ द्या की. आठवतंय न्हवं, सर?"
खूप आठवून बघितलं. काहीच आठवेना.
व्हय, म्हणालो.
"सांगा फुडला नंबर," म्हणाली.
एकशे बारा.