सलाम न करणाऱ्या सायकली

४ सप्टेंबर, सकाळी
नात मुनिसा म्हणते, आजी, तू दिवसभर भांडतेस ते लिहून ठेव, आमचे कान तरी सुटतील. म्हणून ही वही. कुणी वाचायची नाही.

आज पुन्हा तेच. रेशीम कारखान्याच्या चौकात एक सायकलवाला माझ्या बाबागाडीला घासून गेला. वरचे नान रस्त्याकडेच्या पाटाच्या पाण्यात. खाली पडलेला नान उचलून ओठांना, कपाळाला लावायचा, एवढंही त्याला सुचलं नाही. वर मागं वळून मावशीला सांगावं तसं म्हणतो, खाला, जरा कडेनं चाला की. कडेनं म्हणे. मी रस्त्याच्या मधोमध गाडी ढकलते ती काय हौस म्हणून? कडेच्या फरशा उखडल्यात. गाडी हादरते, नानावरचे तीळ झडतात.

याच बाबागाडीत माझा रवशन वाढला, त्याच्या बहिणी वाढल्या. आता चादरीखाली गरम नान असतात. लेकरांना नेलं नाही इतकं जपून नेते.

४ सप्टेंबर, संध्याकाळी
कुणीतरी रवशनला सांगितलंच. म्हणाला, आई, आता एकदा जरी नान सांडले ना, तर गाडी शेडमध्ये आणि शेडला कुलूप. घरी बस, चहा पी. मी काय आजारी आहे घरी बसून चहा प्यायला? बाजाराच्या दाराशी माझा नान विकायचा कोपरा आहे. एक दिवस दिसले नाही तर बायका विचारतात, ताजीखान गेली की काय. घरी बसले तर खरंच जाईन.

सून नसीबा तेवढ्यात म्हणाली, आई, मी नेत जाईन की सायकलवरून. म्हटलं, या घरची सून सायकलवर? माझ्या माघारी काय ते कर.

ठरलं. उद्यापासून सायकलवाल्यांना शिस्त लावायची.

५ सप्टेंबर
शिस्त उद्यापासून. आज गुडघा दुखत होता.

६ सप्टेंबर
मुनिसा शाळेतून सिग्नलचे नियम शिकून आली आणि मलाच शिकवायला बसली. आजी, लाल दिव्याला थांबायचं असतं. अगं, लाल दिव्याला गाड्या थांबतात, रस्ता मोकळा होतो, म्हणून तर मी तेव्हा निघते. सगळे थांबलेले असताना जाण्यासारखं सुरक्षित काही नाही. आणि नेमके तेव्हाच हे सायकलवाले पण घुसतात. लाल दिव्यात. लाज म्हणून नाही.

मुनिसा माझ्याकडे बघत राहिली. पोरीला मुद्दा पटला.

८ सप्टेंबर
रोगाचं मूळ सापडलं. सलाम. लहानानं मोठ्याला आणि वाहनावर बसून जाणाऱ्यानं चालणाऱ्याला सलाम करायचा, हे आमच्या मरगिलान शहरात पाळण्यातल्या पोराला कळतं. सलाम करायचा म्हणजे वेग कमी करावा लागतो. हात छातीवर ठेवावा लागतो, मान झुकवावी लागते. माणूस आपोआप सभ्य होतो. यांनी सलाम सोडला आणि ब्रेकही सोडला.

तेव्हा मी चौकाच्या मधे गाडी लावून उभी राहणार. बिनसलामाचा कुणी पुढे जाणार नाही.

एकच अडचण. मीरवली दादा. म्हातारा उलट्या बाजूनं सायकल हाणत येतो, डोक्यावर टोपी, तोंडात गुळणी धरल्यासारखा गप्प, सिग्नल त्याला दिसतच नाही. सगळ्यांत जास्त राग मला त्याचाच. पण माझ्या नवऱ्याला रेशमाचं विणकाम शिकवलेले उस्ताद ते. माझ्याहून मोठे. त्यांच्याकडून सलाम मागू कसा? ते आले की मी नान मोजते.

९ सप्टेंबर
सुरुवात झोकात. तेलवाला येत होता, हँडलला दोन्हीकडे बाटल्या. ओरडले, काय रे, सलाम कुठं ठेवलास, घरी? बिचारा दचकला. हात छातीवर, मान खाली, आणि सरळ पाटात. बाटल्यांसकट. बघा. यांना सायकल चालवताच येत नाही. वर मला म्हणतो, खाला, हात एकच उरला होता हो. मग दुसरा कशाला दिलाय देवानं?

पण सलाम मात्र छान झुकून केला होता. मनाला फार बरं वाटलं.

१२ सप्टेंबर
आज शाळेचे मास्तर. माणूस शिकलेला, सलामही शिकलेल्यासारखा, लांबलचक. अजून मान वर व्हायची होती तेवढ्यात तुरसुनोयच्या खरबुजांत शिरले. तुरसुनोय कमरेवर हात ठेवून माझ्यावरच आली. म्हणे, ताजीखान खाला, तुम्ही चौकात उभ्या राहायला लागल्यापासून माझी खरबुजं विकली जात नाहीत, फुटतात. म्हटलं, मग सायकलवाल्यांवर ओरड, मी कुठं सायकलवर आहे?

खरबूज गोड निघालं. मास्तरांनी आणि मी थोडं थोडं खाल्लं. ते खरचटलेल्या कोपरावर फुंकर मारत होते.

चौक रोज अधिकच धोक्याचा होत चाललाय. मी नसते तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

१४ सप्टेंबर
मोहल्ला समितीच्या शोकिरकडे गेले. म्हटलं, चौकात सायकलींना बंदी घाला. तो म्हणाला, खाला, त्या चौकाबद्दल बऱ्याच तक्रारी आल्यात. गुरुवारी ट्रॅफिकचा पोलीस बोलावलाय, तो स्वतः उभा राहून बघणार आहे. बघा, म्हणजे मी एकटी नाही. कसल्या तक्रारी, विचारलं, तर माझ्यासाठी चहा ओतायला लागला. भला माणूस. पोलीस येणार म्हणून घरी सगळ्यांना सांगितलं. रवशन म्हणाला, मीही येतो. लेकाला आईचा अभिमान असतोच.

१९ सप्टेंबर, पहाटे
नवा रुमाल बांधला. तीळ जास्त टाकलेले नान वर रचले. पोलिसाला दिसले पाहिजेत. आज सायकलवाल्यांचा शेवटचा दिवस.

१९ सप्टेंबर, दुपारी
लिहायचं नव्हतं. पण कुणी वाचत नाही ना.

पोलीस कोपऱ्यावर. शेजारी शोकिर, रवशन. मी मधोमध. लाल दिवा लागला आणि उलट्या बाजूनं मीरवली दादा. म्हटलं, आज काहीही होवो, पोलिसाच्या देखत बोलणार. तोंड उघडलं, तोच दादांनी सायकलवरून एक हात छातीवर ठेवला आणि मला सलाम केला. मला. एवढ्या मोठ्या माणसानं आधी.

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. दोन्ही हात छातीवर ठेवले आणि वाकले. खूप वाकले. दादा तब्येत कशी, घरी सगळे बरे, सून बरी, गुडघे बरे, सगळं विचारलं. अर्धवट सलाम मला येत नाही.

मान वर केली तर हातात गाडी नव्हती. चौकाला पाटाकडे उतार आहे, हे मी सगळ्यांना सांगत असते. गाडी पोलिसाच्या गुडघ्यावर. पोलीस पाटात. नान सगळ्या रस्त्यावर.

आणि सगळं थांबलं. गाड्या, बस, सायकली. तेलवाला, मास्तर, सगळे उतरले. एकेक नान उचलून ओठांना, कपाळाला लावत होते. नानावर चाक घालायला कुणी धजलं नाही. किती दिवसांनी हा चौक शिस्तीत उभा होता. मला रडू आलं ते त्यामुळे.

फक्त मीरवली दादा थांबले नाहीत, सलाम करून तसेच पुढे गेले. मागचं काही त्यांना दिसलंच नाही.

पोलीस पाटातून वर आला, पँट पिळत रवशनला म्हणाला, या तुमच्या आई का? रवशननं मान खाली घातली. मग मला म्हणाला, आजी, सायकलवाले मी बघतो, तुम्ही रस्त्यात उभ्या राहू नका. तक्रारी कसल्या होत्या, ते मी शोकिरला परत विचारलं नाही.

२० सप्टेंबर
शेडला कुलूप. गाडीत कांदे भरलेत.

२३ सप्टेंबर, सकाळी
नसीबा सायकलवरून नान घेऊन बाजारात गेली. माझ्या माघारी नाही, माझ्यादेखत. मागे टोपली, त्यावर माझीच चादर. मी फाटकाशी उभी होते.

वळताना तिनं मला बघितलं आणि रीतसर हात छातीवर ठेवला. सायकल हेलकावली, टोपली कलंडायला आली. मी ओरडले, अगं दोन्ही हातांनी धर, सलाम राहू दे.

तिनं हात हँडलवर नेला. मान सरळ ठेवून, सलाम न करताच पुढे गेली.

मी वळणापर्यंत बघत उभी राहिले.