सुरेशच्या गावची नदी

२ मार्च २०२५, रविवार
आईने उठल्याउठल्या विचारलं, "सुरेसना फोन उना का?" म्हटलं, येऊन गेला, तू झोपली होतीस. कालही हेच सांगितलं.
सुरेशला जाऊन महिना होत आला. तिकडे अमेरिकेत दारातला बर्फ ओढता ओढता पडला, तो उठलाच नाही. आईला सांगितलेलं नाही. तिच्या हृदयाचं डॉक्टरांनी डिसेंबरातच बजावून ठेवलंय: धक्का नको. सुरेशची बायको नलिनी फोनवर म्हणाली, "ताई, आईंना कधी सांगायचं ते तुम्हीच ठरवा." बरं म्हटलं. अजून ठरवलेलं नाही.
"काय म्हने तो?" हे रोज कुठून आणायचं? आज त्याच्या गावाचंच सांगितलं. नदीकाठी आहे, लहान आहे, आपल्या शहाद्याहूनही लहान. आई उठून बसली. "नदी शे? आजलगून सांगं नही त्यानी."
त्याने सांगितलं असेल. फोन माझ्याच हातात असायचा आणि मी म्हणायचे, बरं, ठेव आता.

५ मार्च
इंटरनेटवर त्या गावच्या वाचनालयाने गावचा इतिहास टाकलाय. दुपारभर वाचला, टिपणं काढली. निवृत्तीनंतर असा अभ्यास पहिल्यांदाच. मिसिसिपीचा काठ. मागे चुनखडीचे कडे. आधी लाकूड कापायच्या गिरण्या. उत्तरेकडून ओंडके नदीत सोडून द्यायचे, ते वाहत इथवर यायचे. जंगल संपलं, गिरण्या बंद. मग नदीतल्या शिंपल्यांची बटणं करायचे. शिंपले संपले, तेही बंद.
आईला बटणं फार आवडली. "नदीमातल्या गुंड्या!" संध्याकाळपर्यंत स्वतःच्या पोलक्याची गुंडी चाचपत होती.
शाळेत भूगोल शिकवताना ही नदी मी एका ओळीत उरकत असे. लांबी, उगम, मुख. पुढचा धडा.

८ मार्च
आईचा प्रश्न: गाव वसायच्या आधी तिथे कोण होतं? म्हटलं, मूळचे लोक होते, त्यांना उठवलं, नदीपलीकडे धाडलं.
"आपला धरनवाला लोके उठाडनात, तसं?"
तसंच.
"मंग सुरेसनं घर कोना जागावर शे?"
हे मला कोणत्याच वर्गात कोणी विचारलं नव्हतं. विषय बदलला.

१३ मार्च, होळी
घरात वर्ष पाळायचं असताना पुरण घातलं. न घालून काय सांगणार होते? आई पाटाशी बसून पोळ्या बघत होती. मी खाल्ली नाही, पित्त झालंय म्हटलं.
संगीता धुणंभांडी करायला येते, तिला सगळं माहीत आहे. माझीच विद्यार्थिनी. मोरीत भांडी आपटत म्हणाली, "मॅडम, खोटं बोलनू म्हनीसन तुम्ही माले छडी मारेल शे."
"तुझ्या चांगल्यासाठी मारली होती."
"आते कोना चांगलासाठे?"
उद्यापासून भांडी हळू आपट म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१६ मार्च
आज घसरले. वाचलेलं संपत आलं होतं आणि आई ऐकायला बसलेली. सांगून बसले की उन्हाळ्यात नदीच्या वाळूत लोक खरबुजं, आपली डांगरं, लावतात, आणि पलीकडच्या काठाला नावेतून जातात.
"काल त पूल व्हता, आज नाव काबर?"
म्हटलं, पूलही आहे, नावही आहे.
"आनि डांगर? अमेरिकामा?" आई खो खो हसली. खोकला लागला, पाणी दिलं. "मालू, हाई त मन्हं माहेर शे!"
खरंच. तिच्या माहेरची तापी मी उचलून त्याच्या गावात नेऊन ठेवली होती. बंधाऱ्याने आता ती वाळूही पाण्याखाली आहे, म्हणजे दोन्हीकडची डांगरं खोटी.
वाईट याचं वाटलं की सांगताना मला मजा येत होती. सुरेश गेलाय हे तेवढा वेळ माझ्याही लक्षात नव्हतं.

२३ मार्च, रविवार
नलिनीचा फोन. तिकडच्या नदीवरचा बर्फ फुटला. काल तिने आणि मुलाने सुरेशची राख नदीत सोडली. त्याने तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. "थोडी तिकडे प्रकाशाला, तापीत सोडायला पाठवू का, ताई?" नको म्हटलं. पाठवली तर ठेवू कुठे, आईपासून? एवढंच डोक्यात आलं आणि तोंडातून नको निघून गेलं. नंतर पुन्हा फोन करून हो म्हणावं असं वाटत राहिलं. केला नाही.
आईला सांगितलं, नदी मोकळी झाली.
"चांगलं व्हयनं. आते नावा चालतीन."

२९ मार्च
आई: "कथी जास ती नदी?"
"दक्षिणेला."
आई जेवताना भाकरी नुसती कुस्करत राहिली. ताटावरून उठताना म्हणे, "आपली तापी मावळतीले जास. दक्षिनले जाती नदी मी दखेल नही."
दक्षिण कोणाची दिशा हे मला कळायला हवं होतं. वडिलांच्या, आबांच्या दहाव्याला मी स्वतः तिकडे तोंड करून उभी होते. इतके दिवस खोटं खपलं आणि खऱ्या भूगोलाने घात केला. खोटंही धड राखता येत नाही, पूर्वेला म्हणाले असते तर काय बिघडत होतं. पण नदीची दिशा चुकीची सांगायला जीभ वळली नाही. भाऊ जिवंत आहे म्हणून सांगायला मात्र रोज वळते.

१२ एप्रिल
ऊन फार. आखाजीचं, अक्षय्य तृतीयेचं, चालू झालंय घरोघर. आईचा धोशा: "आखाजीले ई ना सुरेस?" तिकीट महाग, रजा नाही, असं काहीबाही.
आखाजीला पितरांची घागर भरायची. आबांची, आजोबांची एकात चालते. पण वर्षात गेलेल्याची घागर नवी आणि वेगळी, त्याचं नाव घेऊन. आई ओट्यावर बसून सगळं करून घेते. दोन घागरी दिसल्या की तिला सांगावं लागणारच नाही. नाही भरली, तर सुरेश पहिल्याच वर्षी बिनपाण्याचा.
मी या गोष्टी मानत नाही असं सगळ्या स्टाफरूमला माहीत होतं. मग रात्री झोप का लागत नाही?

२० एप्रिल
संगीताला म्हटलं, कुंभाराकडून दोन घागरी आण. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.
"डॉक्टरले इचारा नं मॅडम, आते सांगानं का म्हनीसन."
विचारलं. डॉक्टर म्हणाले, प्रकृती बरी आहे, जपून सांगता येईल. म्हणजे डॉक्टरांची आडकाठी नव्हती, कदाचित बरेच दिवस नव्हती. मीच विचारलं नव्हतं.
तरी सांगितलं नाही.

२९ एप्रिल
घागरी आल्या. आईने विचारलं, दोन कशाला? "एक उन्हाळ्याची, प्यायच्या पाण्याला." किती चटकन आलं तोंडात. संगीता उंबऱ्याशी उभी होती, ती आत निघून गेली.

३० एप्रिल, आखाजी
सकाळी ओट्यावर आबांची घागर भरली. वर डांगर, सांजोरी, आमरस. आईने नावं घेतली, मी पाणी ओतलं. चुलीत घास टाकला.
मग मागच्या पडवीत गेले. दुसरी घागर भरली. तोंड दक्षिणेला आहे ना ते पाहिलं. सुरेश म्हटलं. पुन्हा एकदा म्हटलं. वर डांगर ठेवता आलं नाही, साधं झाकण घातलं.
आईला प्यायला तांब्यातलंच दिलं. दुपारी माझा डोळा लागला. उठले तर पलंगावर आई नाही. पडवीत काठी टेकून उभी. कुठे पडली असती तर! ओरडले तिला. "पानी पेवाले उनू," म्हणाली. हात धरून आत आणली.
नंतर जाऊन पाहिलं. घागर थोडी उणी झालेली. झाकणावर आईचा पेला, विसळून पालथा घातलेला.
नव्या घागरीच्या पाण्याला माती लागते. आखाजीच्या दिवशी अशी चव कशाची, हे या बाईला कोणी शिकवायला नको. की खरंच नुसती तहान होती? मुलाचं पाणी मी आईला पाजलं का?
संध्याकाळभर ती ओट्यावर बसून होती. मी विचारलं नाही.

१ मे, गुरुवार
आईचे केस विंचरत होते. उठल्यापासून वाट पाहिली. आज तिने फोनचं विचारलं नाही.
वेणी होत आली तेव्हा म्हणाली, "त्याना गावले गंज पानी शे ना, मालू?"
"खूप आहे, आई."
"आनि नदी दक्षिनलेच जास?"
हो म्हटलं.
"हं." मग मान पुढे केली. "घट्ट घाल वेनी. सैल सोडी देस तू."