भाईची मधली जागा

शुक्रवार, ६ ऑक्टोबर
असरच्या नमाजानंतर केरळवाल्यांशी फुटबॉल मॅच. ०-३ हरलो. तिन्ही गोल मधून. डिफेन्सला सलीम डावीकडे, मुनीर उजवीकडे. दोघांच्या मध्ये बॉल आला की दोघेही सोडून देतात. माझा गुडघा गेल्यापासून मी बाहेर बसून टिपतो. समोरच्याच्या पायातून बॉल काढला: ५ वेळा. भाई असताना हा आकडा पंधराच्या खाली गेल्याचं आठवत नाही.
मुनीर म्हणाला, "मला वाटलं सलीम जाईल." सलीम म्हणाला, "मला वाटलं..." आणि थांबला. कोणाचं नाव येणार होतं ते सगळ्यांना कळलं.
भाईला, माझ्या थोरल्या भावाला, जाऊन आज ५७ दिवस. चाळीसावा इथेच रूमवर केला.

शनिवार, ७ ऑक्टोबर
दापोलीहून भाभीचा फोन.
"टीम चालू आहे ना?"
"आहे."
"हे सुट्टीवर घरी आले तरी शुक्रवारी इथून टीमला फोन करायचे. आधी स्कोअर, मग बाकीचं. मी ताप घेऊन पडले होते तेव्हाही आधी स्कोअर."
हसली. ०-३ सांगितलं नाही.

सोमवार, ९ ऑक्टोबर
ऑफिसात बोलावलं. माझा परमिट डेस्क, प्लांटमधल्या कामांना परवानगी देण्याचा, आता सौदी माणसाकडे जाणार. दोन महिन्यांत त्याला सगळं शिकवायचं, मग मला फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी. माणसाचं नाव फहाद, खमीस मुशैतचा, तिशीचा, दोन मुलं. चहा त्यानेच आणून दिला. राग धरायला काही सापडलं नाही.
एकोणीस वर्षांपूर्वी भाईने मला इथे सौदीत, राबिघला आणलं. आता भाईला इथल्या मातीत ठेवून मी जायचं.
जाण्याआधी निदान टीमचा डिफेन्स उभा करून जाईन. भाईचं इथे दुसरं काही नाही.

गुरुवार, १२ ऑक्टोबर
फहादला फायर वॉच समजावला. वेल्डर वेल्डिंग करतो, मागे एक माणूस आग विझवायचा सिलिंडर घेऊन नुसता उभा.
"दिवसभर उभं राहायचं आणि काहीच करायचं नाही?"
"ठिणगी कुठे पडते ते बघायचं. बस्."
संध्याकाळी जेवताना लक्षात आलं. भाई हेच करायचा! आम्हाला वाटायचं भाई बॉल काढतो. भाई जातच नसे. सलीमला नाहीतर मुनीरला पुढे पाठवायचा, "जा रे!" आणि स्वतः दोन पावलं मागे, बॉल सुटून जिथे येणार तिथे आधीच उभा. इतकी वर्षं बघितलं आणि दिसलं नाही.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर
प्रॅक्टिस. सलीमला मध्ये उभं केलं. पाच मिनिटांत सरकत सरकत डावीकडे. परत आणला, परत सरकला. मुनीरचं तेच.
"चाचा, दुसरं काय पण सांगा," सलीम म्हणाला. "तिथं माझ्याच्यानं नाय होत."
सगळे गेल्यावर बाटल्या उचलायला मैदानात गेलो. सगळी वाळू तुडवलेली. गोलपुढचा मधला तुकडा तेवढा साफ. सलीम-मुनीरची फक्त दोन-चार पावलं, तीही बाहेर वळलेली.
काढले: ४.

शुक्रवार, २० ऑक्टोबर
फहाद मैदानावर आला. डेस्कवर मॅचचं बोललो होतो, एवढंच. तोब, तो लांब पांढरा झगा, काढून गाडीत ठेवला, आत ट्रॅकपँट. "मी कुठे उभा राहू?" सगळे बूट बांधत राहिले. त्याने बघितलं, जागा रिकामी दिसली, जाऊन उभा राहिला.
सलीम तडक माझ्याकडे. "चाचा, त्याला तिथून हलवा. आधी तुमची नोकरी, आता भाईची जागा. उद्या भाईची जेवायची प्लेट पण देणार काय त्याला?"
मी "खेळ" एवढंच म्हणालो. बरोबर केलं की चूक, ठरत नाही.
फहाद प्रत्येक बॉलवर धावतो, मागे दार सताड उघडं. काढले: ७. पण गोल दोन खाल्ले.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर
बाहेरून ओरडलो, "फहाद, फायर वॉच!" जागीच थांबला. हसला. त्याला कळलं.
मग तोच मागून ओरडायला लागला, "रूह! रूह!" म्हणजे जा, जा. सलीम दहा मिनिटं ऐकून न ऐकल्यासारखा. नंतर एकदा मागून आवाज आला आणि तो गेला. पायच गेले म्हणायचं, भाईच्या हाकेला जायचे तसे. समोरचा गडबडला, बॉल सुटला, फहादच्या पायाशी.
हाफटाइमला सलीम पाण्याच्या कूलरशी तोंड धूत बसला. बराच वेळ.
काढले: १२.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर
शुक्रवारच्या लीगची सेमीफायनल १-० जिंकलो. काढले: १९. मुनीर फहादला म्हणतो, "शेख, तुम्ही ऑर्डर देता, धावतो आम्ही. मैदानावर पण!" फहादला भाषांतर करून सांगितलं, तो सगळ्यात जास्त हसला. सलीम हसला नाही. पण रूह म्हटलं की जातो.

रविवार, ३ डिसेंबर
एक्झिट लागला. तिकीट गुरुवारचं. फायनल शुक्रवारी. एक दिवस पुढे करून मागितला. खलास, सिस्टिममध्ये गेलं, बदलत नाही.

बुधवार, ६ डिसेंबर
शेवटचं कब्रस्तानात जाऊन आलो. फहादची गाडी, सलीमही बरोबर. इथे कबरीवर नाव नसतं, नुसता दगड. भिंतीपासून चौथी ओळ, उजवीकडून अकरावा भाईचा.
दुआ झाल्यावर फहादने विचारलं, कोण होता. भाऊ, म्हटलं. आमचा डिफेन्स त्याचाच. मध्ये तोच उभा राहायचा.
तो म्हणाला, "इतके दिवस मी तिथे उभा आहे. मला कोणी सांगितलं नाही."
खरं आहे. मीच सांगायला हवं होतं.
मग माझ्याकडे न बघता सलीमला विचारलं, मोडक्या हिंदीत, "फ्रायडे, मैं उधर खड़ा, ठीक?"
सलीम खाली बसून दगडाभोवतीचे खडे सारखे करत राहिला.

गुरुवार, ७ डिसेंबर
जेद्दा एअरपोर्ट. सोडायला सलीम आला होता. बॅगा उतरवल्या, गळाभेट घेतली, मग म्हणाला, "चाचा, उद्या स्कोअर आम्ही कळवायचा, का तुम्ही विचारणार?"
"मी विचारीन. तोवर दापोलीत असेन. भाभी शेजारीच असेल."
"आधी स्कोअर, मग बाकीचं," तो म्हणाला.
मध्ये कोण उभा राहणार ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.